न्हाणीबाहेरचे दोतोर

त्यांच्या खोलीच्या खिडकीत चपलांची रांग असायची, पण त्यात जोड म्हणून एकही नाही. कुणाची डावी, कुणाची उजवी, एखादी कोल्हापुरी, एखादी रबरी, मधेच खाणीवरच्या कामगाराचा धुळीने तांबडा झालेला बूट. रस्त्यात कुणाला फीट आली की भोवतीची माणसं आधी पायातली चप्पल काढून त्याच्या नाकाला लावतात. तशाच घाईत रोग्याला घेऊन नातेवाईक दवाखान्यात शिरले आणि एखाद्याच्या हातात अजून ती चप्पल असली, की डॉक्टर ती काढून घेत, खिडकीत ठेवत आणि परत देत नसत.

"नाक वास घेवपाक. व्हाण पांयांक. तूं घरा वच आनी कितें कशाक आसता तें शीक," असं वर ऐकवत.

मग डिचोलीच्या बाजारातून एका पायात चप्पल घालून लंगडत जाणारा माणूस दिसला, की दुकानदार बसल्या जागेवरून विचारायचे, "फिटीच्या दोतोराकडेन गेल्लो काय रे?"

त्याच सरकारी दवाखान्यात, भिंतीच्या पलीकडे, माझी खोली होती. माझ्या खिडकीत मी हौसेने क्रोटनची कुंडी ठेवली होती. तिच्याबद्दल आजवर कुणी एक अक्षर विचारलं नाही.

सरळच सांगते, मला त्यांचा हेवा वाटायचा. मी सावंतवाडीची. मुंबईला शिकले, चांगल्या गुणांनी पास झाले, नवऱ्याची खाणीच्या ऑफिसात नोकरी म्हणून डिचोलीला आले. हे गृहस्थ माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे, पणजीच्या जुन्या पोर्तुगीज वैद्यकशाळेत शिकलेले, आणि अंगावर कायम कडक इस्त्रीची पांढरी पँट. त्या गावात, जिथे खनिजाचे ट्रक दिवसभर धूळ उडवत जात आणि आमची वाळत घातलेली साडीसुद्धा संध्याकाळी विटकरी होऊन आत येई, तिथे या माणसाची पँट पांढरी कशी राहायची, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. याचाही हेवा वाटायचा. हेवा करायचाच तर अर्धामुर्धा कशाला करायचा!

लोकांना फिटीचा दोतोर हवा असायचा. बाकी तापाखोकल्याला मी होते. पण हळूहळू तापाखोकलावालेही पलीकडच्या बाकावर बसायला लागले, कारण तिकडे करमणूक जास्त होती. माझी सख्खी आई एकदा रक्तदाबासाठी आली, ती माझ्या दारावरून पुढे जाऊन त्यांच्या रांगेत बसली. मी विचारलं तर म्हणाली, "तुझ्याकडे काय गो, तू घरातलीच." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवशी मी तिला जेवणात मीठ घातलं नाही, आणि ते रक्तदाबासाठी नव्हतं.

करमणूक म्हणजे काय, तर ते फीट करून दाखवायला लावत. रोग्याला नव्हे, सोबत आलेल्याला. फीट आलेल्या माणसाला स्वतःला काही आठवत नाही, तेव्हा ज्याने पाहिलं त्यालाच विचारायला हवं, हे मीही पुस्तकात वाचलं होतं. पण विचारणं वेगळं आणि हे वेगळं. "तूं पळयलें न्हय? मागीर करून दाखय!" म्हणत ते खोलीच्या मधोमध सतरंजी अंथरत. गावचा एखादा भारदस्त खोत, कानात भिकबाळी, तो बिचारा इकडे तिकडे बघत सतरंजीवर आडवा व्हायचा आणि हातपाय झाडायचा. डॉक्टर हातात घड्याळ घेऊन त्याच्याभोवती फिरत. "पयलो खंयचो हात हाललो? दावो? मान खंय गेली? ना, ना, फट मारूं नाका, परत कर!" दाराशी गर्दी. माझ्या बाकावरचे रोगीही उठून तिकडे. मी आत स्टेथोस्कोप घेऊन एकटी. आणि वाईट याचं वाटायचं, की त्या झाडाझाडीतून त्यांना खरोखर कळायचं. डोळा कुठे फिरला, तोंडाचा कोपरा आधी वाकडा झाला का, यावरून ते सांगत की रोग्याची फीट डोक्याच्या एका कोपऱ्यातून निघते. पुढे मुंबईहून तपासणी होऊन यायची आणि तो कोपरा बरोबर निघायचा.

दुपारी चहाला आम्ही एका मेजावर बसायचो. ते उंडो, म्हणजे गोव्याचा गोल कडक पाव, चहात बुडवून खात आणि खाता खाता व्याख्यान देत. आपल्या देशात या दुखण्याला अपस्मार म्हणून हजारो वर्षं ओळखतात, ब्राह्मीचं तूप दिलं, नाकात थेंब घातले, मग साहेबाचं ब्रोमाइड आलं, त्याने माणसं सुस्त पडली, मग ती स्वस्तातली पांढरी गोळी आली आणि गरिबाला जरा उजेड दिसला. पण आमच्या माणसांना फीट नेमकी कशाने येते, हे आमच्या माणसांकडे बघून शोधायचं सोडून आम्ही बाहेरची पुस्तकं पाठ करतो, हा त्यांचा राग. तेव्हा स्कॅनची नवलाई होती. मेंदूत बारीक गाठ दिसली की मोठे मोठे डॉक्टर क्षयाची औषधं सुरू करत. हे म्हणायचे, "थोडे थांबात. हांतल्यो कितल्योशोच गांठी आपसूक वतल्यो." मी नाक मुरडायचे. पुढे आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की त्यातल्या पुष्कळ गाठी क्षयाच्या नसतात, पोटातल्या जंताच्या अंड्यांपासून होतात, आणि कितीतरी आपोआप विरून जातात. ती बातमी मीच त्यांना वाचून दाखवली. ते नुसते हसले आणि उंडो बुडवला. माझं त्या दिवशी दुखायला लागलेलं पोट अजून थांबलेलं नाही.

भाषेच्या भांडणाचे दिवस होते. मी मराठीच्या बाजूची, ते कोंकणीच्या. चहाच्या मेजावर आमची जुंपायची, पण त्यातही मजा नव्हती, कारण ते भांडताना मधेच थांबून माझं मराठी वाक्य "बरें सांगलें" म्हणून वाखाणायचे. भांडणाऱ्याने असं करू नये. एकदा रस्त्यांवर झाडं आडवी टाकलेली, बसगाड्या बंद. फिटीची गोळी अचानक थांबली तर फीट दुप्पट जोराने येते, म्हणून हे बिस्किटांच्या डब्यात गोळ्या घालून गावोगाव पायी निघाले. एका नाक्यावर पोरांनी अडवून विचारलं, "मराठी काय कोंकणी?" हे म्हणाले, "गुळयो. फिटीच्यो. तुमच्यांतल्या कोणाक जाय?" मग त्या अडवणाऱ्यांतलाच एक धिप्पाड पोर मान खाली घालून पुढे आला आणि त्याने हात पसरला. त्याला फीट येते हे त्याच्या दोस्तांना त्या दिवशी कळलं. डॉक्टरांनी त्याला गोळ्या मोजून दिल्या, बाकीच्यांनी मुकाट्याने झाड बाजूला ओढलं. ही गोष्ट तालुकाभर झाली. मीही त्या दिवशी चालत कामावर आले होते, पण त्याची गोष्ट होत नाही.

आता शालनकडे येते. ती लाटंबार्शेची, शेतकऱ्याची पोर, आणि लक्षात ठेवा, आधी माझी रोगी. तिची आई तिला माझ्याकडे घेऊन आली. "बाय, चेडवाक आकडी येता." केव्हा येते विचारलं तर म्हणाली, "आयतवाराक." आठवड्याचे वार पाहून फीट येत नसते, म्हणून मी ते सोडून दिलं आणि गोळी सुरू केली. शालन लावणीत उभ्या उभ्या पेंगायला लागली, आणि आयतवारची आकडी काही चुकली नाही. घरचे म्हणाले, न्हाणीमागच्या विहिरीवरच्या देवचाराचं, तिथल्या राखण्या भुताचं, काम. तेवढ्यात कुणीतरी सल्ला दिला आणि पोर माझ्या दारावरून पलीकडे गेली.

तिथे तिच्या मामाला सतरंजीवर यायला सांगितलं. मामाने आडवं होण्याआधी काय केलं, तर बसून हाताने डोक्यावर तांब्या ओतल्यासारखं केलं.

"हें कितें?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हातना, दोतोर. केस धुतना. तेन्नाच येता."

मला भिंतीपलीकडून त्यांची आरोळी ऐकू आली. ते खोलीतून धावत माझ्याकडे आले, माझ्या रोग्याला तपासणं चाललेलं असताना! "बाय, आयतवार! आयतवाराक केस धुतात गो!" मला ती जागा सोडून पळून जावंसं वाटलं. केस आम्हीही आयतवारीच धुवायचो.

पुढचे कितीतरी दिवस त्यांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. म्हैसूर-बंगळूरच्या बाजूला डॉक्टरांनी हे पाहिलेलं होतं. कढत पाणी डोक्यावर तांब्यामागून तांब्या भराभर ओतलं की काही माणसांना फीट येते. परदेशात डोक्यावर असा तांब्या ओततच नाहीत, तर त्यांच्या पुस्तकात ते येणार कुठून? शालनला त्यांनी थंड पाणी सांगितलं. ते स्वतः बारा महिने थंड पाण्याने आंघोळ करत आणि तिची जाहिरातही करत, त्यामुळे या औषधाचा त्यांना विशेष आनंद झाला. पोरीची आकडी थांबली, माझी गोळी बंद झाली. पण त्यांचं समाधान होईना. पाणी नेमकं किती कढत असतं, बायका ते कसं ओततात, कपाळावर आधी पडतं की टाळूवर, हे त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. "ह्या दुयेंसाचें अर्दें संशोधन न्हाणयेंत जावपाचें आसा," ते मेजावर मूठ आपटून म्हणायचे, "आनी न्हाणयेंत म्हाका कोण घेना!"

बाईमाणसांच्या न्हाणीत त्यांना कोण घेणार? माझ्या मनाला तेवढाच एक गारवा होता.

शालनचं लग्न ठरलं. मुलगा पेडण्याकडचा, कोरगावचा, काजूची बाग असलेला. घरच्यांनी आकडीचं काही सांगितलं नव्हतं. कुणीच सांगत नाही. डॉक्टरांना हे कळलं आणि ते बस पकडून थेट कोरगावला गेले आणि मुलाच्या आईला सगळं सांगून आले. फीट लपवून लग्न केलं की पोरगी सासरी गोळी लपवते, गोळी लपवली की चुकते, आणि चुकली की चुलीत पडते, आणि शालनचं थंड पाणीही तसंच लपेल, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं खरंच होतं. पण शालनचा बाप दवाखान्यात येऊन त्यांच्या अंगावर धावला. "माज्या चेडवाचो जल्म जाळलास!" मला, खोटं कशाला बोलू, त्या दिवशी जेवण गोड लागलं.

मुलाला शालन आवडली होती, तो हटून बसला. शेवटी त्याच्या आईने निरोप पाठवला. "न्हाताना पडता म्हणतास, तर हळदीच्या न्हाणाक मी सोता बसतलंय. पोर धड उठली तर अक्षता पडतल्यो. पडली तर व्हराड परत."

शालनची आई माझ्याकडे आली. माझ्याकडे! "बाय, तुमी सवाष्ण म्हणान येवा. दोतोराक भितर कसो घेवचो?" मी खुर्चीत बसून तिचं ऐकत होते आणि एकीकडे शालनची काळजी, दुसरीकडे मनात लाडू फुटत होते. भिंतीपलीकडे न जाता लोक माझ्या दाराशी थांबले, असं कितीतरी दिवसांनी झालं होतं.

डॉक्टर मला समजावायला आले. "थंड उदक, बाय. थंडच. दुसरें कांय ना." मी म्हटलं, मला पदवी आहे.

हळदीच्या दिवशी न्हाणीबाहेर, घरामागच्या परड्यात, झावळ्यांचा आडोसा केला होता, आणि त्याच्या पलीकडे डॉक्टर येऊन उभे होते. आत पाटावर हळदीने माखलेली शालन. कोपऱ्यात तांब्याच्या भाणात, म्हणजे मोठ्या हंड्यात, पाणी. समोर मुलाची आई, पदर खोचून, नजर पोरीवर. मी भाणात कोपर घातलं. चटका बसला. मी म्हटलं, "यात थंड पाणी ओता."

सगळ्या बायका माझ्याकडे बघत राहिल्या. मुलाची आई म्हणाली, "थंड उदक? कोण मेलां आमच्यात?"

आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. स्मशानातून परत आलं की डोक्यावरून थंड पाणी घेतात. तीच एक थंड आंघोळ या बायकांना ठाऊक. नवरीला ती कोण घालणार? हे मला आधी सुचायला हवं होतं, पण त्यांनाही सुचलं नव्हतं! बारा महिने थंड पाण्याने न्हाणाऱ्या माणसाला कसं सुचणार? तेवढ्यात झावळ्यांच्या बाहेरून त्यांचा खणखणीत आवाज आला, "थंड! थंडच घालात!"

"मर्तिकाक आयलो मेलो," एक म्हातारी पुटपुटली. शालनच्या आईच्या डोळ्यांत पाणी तरारलं.

"तुम्ही गप्प बसा!" मी बाहेर ओरडले. जन्मात पहिल्यांदा. मग मी मुलाच्या आईकडे वळले आणि आमच्या कुळदेवतेची मनात क्षमा मागून म्हणाले, "पाणी कढतच घालायचं. पण आमच्या सावंतवाडीकडे नवरीच्या डोक्यावर पाणी आईच्या ओंजळीतून पडतं. तांब्या ओंजळीत ओतायचा. माहेरचं शेवटचं न्हाण, ते आईच्या हातातून व्हायला हवं."

सावंतवाडीकडे असं काहीही करत नाहीत.

मुलाच्या आईने थोडा विचार केला. "बरां असा," ती म्हणाली. "सावंतवाडीचे लोक रितीचे."

शालनची आई मागे उभी राहिली आणि तिने लेकीच्या डोक्यावर ओंजळ धरली. मी पहिला तांब्या घेतला. ओंजळीत वाफाळतं पाणी ओतलं. बोटांच्या फटींतून ते सावकाश, निवत निवत शालनच्या केसांवर झिरपलं. आईचे ओठ घट्ट मिटले, पण ओंजळ हलली नाही. मी तिच्या कानाशी म्हटलं, "धरवत नसेल तर सांग." ती म्हणाली, "घाल बाय, घाल." एकामागून एक सवाष्णींनी पाणी घातलं. मी शालनच्या डोळ्यांकडे बघत होते, बुबुळ फिरतंय का, ओठ चाळवतोय का. मला तेव्हा ना पदवी आठवत होती, ना भिंतीपलीकडचा माणूस. नुसतं, पडू नकोस गो, पडू नकोस, एवढंच. शेवटचा तांब्या रिकामा झाला. शालन पाटावरून उठली आणि सासूच्या पाया पडली. बाहेर वाजंत्री सुरू झाली. मी आडोशामागे जाऊन रडून घेतलं.

बाहेर आले तर डॉक्टरांना गराडा पडलेला. शालनचा बाप, तोच अंगावर धावलेला, त्यांचे हात धरून उभा. "दोतोर, तुमच्या थंड उदकान वाचयलां!" ते प्रसन्न हसत होते. पँट पांढरीशुभ्र. मला कुणी लाडूसुद्धा विचारला नाही.

पण माणूस हुशार, हे मला मान्य करावंच लागतं. लग्नानंतर शालनची आई दवाखान्यात पेढे घेऊन आली, तेव्हा त्यांनी तिचे तळवे पाहिले. लालभडक, फोड आलेले. त्यांनी मलम लावलं आणि विचारलं, "थंड उदकान असो फोड येता?" तिने पेढ्यांचा पुडा पुढे सरकवला. मी तिला शपथ घातली होती. हा माणूस पोटात काही ठेवणारा नव्हे. कोरगावला बस पकडून जाऊन सावंतवाडीची रीत बनावट आहे, हेसुद्धा प्रामाणिकपणे सांगून आला असता. म्हणून मी सांगितलं नाही. आणि दुसरं कारण असं, की मला सांगायचं नव्हतं.

त्या दिवसापासून रोज चहाला तेच. "बाय, भितर कितें जालें?" मी म्हणायचे, "बायकांचं असतं ते." कधी मला अर्धा उंडो देऊ करत, कधी आमच्या मराठीची स्तुती करत. गोवा राज्य झालं त्या दिवशीही पेढा तोंडात घालता घालता विचारलं. निवृत्त झाले तेव्हा खिडकीतल्या चपला एका पोत्यात भरून मला देऊन गेले आणि दारात थांबले. "आतां तरी सांग." मी हसले. त्यांचा चेहरा लहान पोरासारखा पडला. मला इतकं सुख क्वचितच झालं असेल. थोड्याच वर्षांत ते गेले. म्हणजे आता त्यांना कळायचा मार्गही राहिला नाही, आणि मला त्यांना छळायचाही. दोन्हींचं मला सारखंच वाईट वाटतं.

परवा एका लग्नाला कोरगावला गेले होते. मी आता पांढऱ्या केसांची, काठी घेऊन चालणारी. मुलीचं हळदीचं न्हाण चाललं होतं म्हणून आडोशाजवळ खुर्ची टाकून बसले. आत बघते तर नवरीच्या मागे तिची आई उभी, डोक्यावर ओंजळ धरून, आणि बायका ओंजळीत तांब्या ओततायत. मी खुर्ची आणखी पुढे ओढली. शेजारी एक वाकलेली म्हातारी बसली होती. नीट पाहिलं तर शालनची सासू. तिने मला ओळखलं नाही.

मी विचारलं, "आजी, ही कुठली रीत?"

"आमच्या हयसर असांच करतत," ती म्हणाली. "सगळ्या वाड्यार. आईच्या हातातल्यान न्हाण. बरां असता ता."

"पण आली कुठून?"

"फिटीच्या दोतोरान घातली." म्हातारीचे डोळे चमकले. "माज्या सुनेच्या लग्नाक. मी सोता बसलेलंय ना समोर! सफेद प्यांट घालून तो भितर इलो, न्हाणयेत उबो रवलो, आनी आवयक सांगल्यान, अशी धर ओंजळ. सगळां थंयसरच उबो रवान पळयल्यान. देवमाणूस."

मी न राहवून म्हटलं, "आजी, तिथे एक डॉक्टरीण होती ना?"

म्हातारीने आठवून पाहिलं. मन लावून, प्रामाणिकपणे आठवून पाहिलं.

"डॉक्टरीण?" ती म्हणाली. "ना गे. एक बाय भायर रवान बोंब मारी होती, ती खंयची कोण जाणे."